सरकारची तोंडमिळवणी, घरच्या पाटल्या

१९३१ सालच्या डिसेंबर महिन्यात दोन पैशांचे पोस्टकार्ड तीन पैशांचे झाले आणि एक आण्याच्या पाकिटास सव्वा आणा पडू लागला. आज ही वाढ क्षुल्लक वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेर दोन-दोन, तीन-तीन पिढ्या घर करून राहिलेल्या आपणां कुटुंबांचा मूळ मुलुखाशी असलेला धागा त्या काळी पोस्टकार्डाचाच होता. लेकीची खुशाली, भावकीतील सोयरसुतक, शेताचा खंड, सोयरिकीची बोलणी हे सारे त्या कार्डाच्या दोन अंगांवर बारीक अक्षरांत मावत असे. ते कार्ड एकाएकी दीडपट महाग का झाले, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे आपण प्रथम सिमल्याच्या कायदेमंडळात जातो, तेथून लंडनच्या इंडिया ऑफिसात जातो, आणि अखेर आपल्याच घरातील दागिन्यांच्या डब्यापाशी येऊन उभे राहतो. या महिन्यात वाचकांनी तो मार्ग आमच्याबरोबर चालावा अशी विनंती आहे.

हिंदुस्थान सरकारचे त्या वेळचे फायनान्स मेंबर, म्हणजे आजच्या भाषेत अर्थमंत्री, सर जॉर्ज शुस्टर हे होते. सुदान सरकारची तिजोरी सांभाळण्याचा अनुभव गाठीशी घेऊन ते १९२८ मध्ये इकडे आले. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकले, तेव्हा शुस्टर सरकारी बाकावर जवळच बसलेले होते व त्यांना किरकोळ इजाही झाली. पुढे सहा महिन्यांनी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात जो स्फोट झाला, त्याची इजा मात्र किरकोळ नव्हती. माणूस बुद्धिमान, कष्टाळू आणि वृत्तीने सभ्य होता, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढील हकीकत एखाद्या दुष्ट अधिकाऱ्याची नाही. हात बांधलेल्या कारभाऱ्याची ती हकीकत आहे.

हात बांधलेले कसे, हे समजण्यास सरकारच्या चोपडीची दोन पाने उघडावी लागतात. जमेच्या पानावर सर्वांत मोठी रक्कम जकातीची असे. कराच्या एकूण उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग आयात-निर्यातीच्या मालावर बसविलेल्या जकातीतून येई. त्याखालोखाल प्राप्तिकर व मीठ. रेल्वेकडूनही दरसाल काही कोटी मिळत. म्हणजे व्यापार चालला तर तिजोरी भरणार आणि व्यापार आटला तर तीही आटणार. खर्चाच्या पानावरील मोठ्या रकमा मात्र व्यापाराकडे पाहून कमी-जास्त होणाऱ्या नव्हत्या. लष्करास सालिना सुमारे ५५ कोटी रुपये लागत. कर्जावरील व्याज होते. आणि होते ते प्रसिद्ध ‘होम चार्जेस’: विलायतेत पौंडांत भरावयाचा खर्च. इंग्लंडात काढलेल्या कर्जाचे व रेल्वेच्या भांडवलाचे व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, गोऱ्या पलटणींचा तिकडील खर्च, असा हा हिशेब दरसाल तीन कोटी पौंडांच्या आसपास जाई. दादाभाईंनी ज्या ओघाविषयी आयुष्यभर लिहिले, त्यातला हा अधिकृत भाग.

आता हुंडणावळीचा प्रश्न आला. हा विषय रुक्ष म्हणून पुष्कळ जण तो ओलांडून जातात, पण येथेच सारी मेख आहे. १९२६ च्या हिल्टन यंग कमिशनच्या शिफारशीवरून १९२७ च्या कायद्याने रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरविण्यात आला. म्हणजे एका पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै. त्या कमिशनातील सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत-पत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला होता. तो दर असता तर पौंडास १५ रुपये पडले असते. वाचकांनी कागदावर आकडे मांडून पाहावेत. तीन कोटी पौंड विलायतेस पाठविण्यास सरकारला पहिल्या दराने ४० कोटी रुपये लागत, दुसऱ्या दराने ४५ कोटी. सरकारचे पाच कोटी वाचले. पण खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाचा जो गठ्ठा लिव्हरपुलात एका पौंडास विकला जाई, त्याचे इकडे १५ रुपयांऐवजी १३ रुपये ५ आणे ४ पै आले. तिजोरीची बचत आणि शेतकऱ्याचे नुकसान या एकाच रुपयाच्या दोन बाजू होत्या. भाव तेजीत होते तोवर हे कोणास फारसे जाणवले नाही.

मग भाव पडले. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक, १९१४ चा पाया १०० धरून, १९२९ मध्ये १४१ होता. १९३१ मध्ये तो ९६ वर आला आणि १९३३ मध्ये ८७ वर. हा सर्व मालाचा सरासरी आकडा झाला. कापूस, ताग, गहू यांचे भाव निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली गेले. देशाची निर्यात १९२८-२९ मध्ये सुमारे ३३९ कोटी रुपयांची होती, ती १९३२-३३ पर्यंत सुमारे १३५ कोटींवर उतरली. शेतसारा मात्र रोख रकमेत बांधलेला होता, सावकाराचे व्याजही रोख रकमेत. ज्याला पूर्वी सारा भरण्यास एक गाडी माल विकावा लागे, त्याला आता दोन गाड्या विकाव्या लागल्या. त्यातच १९३० साली कायदेभंगाची चळवळ उभी राहिली. परदेशी कापडावर बहिष्कार पडला, दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. मंदीने जकात खाल्ली होतीच. बहिष्काराने तिला आणखी ओहोटी लावली.

अंदाजपत्रक कसे वाचावे हे आपल्याकडे ना. गोखल्यांनी शिकविले. १९०२ च्या आपल्या प्रख्यात भाषणात त्यांनी सरकारी शिलकेचे कौतुक न करता, ही शिलक कोणाच्या ताटातून आली, असा सवाल केला. त्या भाषणांमागील आकड्यांची सिद्धता करण्यात रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचे मोठे साहाय्य असे. हे जोशी सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर होते. (हेडमास्तराने हजेरीपटापलीकडचे आकडेही वाचावेत, याला एवढा पूर्वाधार आम्हांस पुरे आहे.) शुस्टरसाहेबांच्या अंदाजपत्रकांना गोखल्यांचा तोच सवाल लावून पाहू.

१९३०-३१ हे साल सुमारे साडेअकरा कोटींच्या तुटीने संपले. १९३१ च्या मार्चात कर वाढविले, तरी तूट भरेना. अशा स्थितीत २१ सप्टेंबर १९३१ उजाडला. त्या दिवशी इंग्लंडने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. पौंड स्वतःच गडगडू लागला. आता रुपयाने काय करावे? सिमल्याचे मत असे होते की, रुपयास काही काळ मोकळे सोडावे, आपली पातळी त्याने आपण शोधावी; आणि त्याच दिवशी पौंड विकण्याचे बंधन स्थगित करणारा वटहुकूम निघालाही. परंतु लंडनमध्ये भारतमंत्री सर सॅम्युअल होअर यांनी जाहीर केले की, रुपया १ शिलिंग ६ पेन्सांसच पौंडाशी बांधलेला राहील. व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन व त्यांचे कौन्सिल यांनी गोष्ट राजीनाम्याच्या भाषेपर्यंत नेली. उपयोग झाला नाही. तीन दिवसांत पहिला वटहुकूम मागे पडून दुसरा आला.

लंडनची भीती उघड होती. रुपया घसरला तर होम चार्जेस भरण्यास अधिक रुपये लागतील, ते न मिळाल्यास हिंदुस्थानच्या नावावर काढलेल्या कर्जांचे व्याज थकेल, आणि इंग्लंडची स्वतःची पत डळमळत असताना ही आपत्ती नको. येथे ऑस्ट्रेलियाचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तोही साम्राज्याचाच घटक, त्याच्याही डोक्यावर लंडनचे कर्ज, आणि लोकरीचे व गव्हाचे भाव पडल्याने तोही हवालदिल. तेथेही १९३१ च्या जूनमध्ये खर्चात जबर कपात झाली. पण तेथे आपल्या चलनाचा भाव उतरविता आला. १९३१ च्या प्रारंभीच शंभर ब्रिटिश पौंडांस १३० ऑस्ट्रेलियन पौंड असा दर झाला, व लोकर पिकविणाऱ्याच्या हाती चार पैसे जास्त पडले. स्वराज्याचा व्यवहारातील अर्थ काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा या एका दराने अधिक स्पष्ट होते असे आम्हांस वाटते.

चलन हातचे गेले; लष्कराचा बराचसा खर्च सभेच्या मताबाहेर; व्याज व होम चार्जेस अस्पर्श. मग उरले काय? २९ सप्टेंबर १९३१ रोजी शुस्टर यांनी असेंब्लीपुढे पुरवणी अंदाजपत्रक मांडले. त्या व पुढील सालची मिळून सुमारे ३९ कोटींची तूट दिसत होती. ती भरून काढण्यासाठी निर्यातकर वगळून बहुतेक सर्व करांवर सरसकट २५ टक्के अधिभार बसला. प्राप्तिकराची माफी वार्षिक २,००० रुपयांपर्यंत होती, ती १,००० वर आणली. म्हणजे महिना ८३-८४ रुपये मिळविणारा कारकून व शिक्षकही करदात्यांत आला. यंत्रे व रंग यांवर १० टक्के आणि परदेशी कच्च्या कापसावर रत्तलामागे अर्धा आणा नवी जकात बसली. पोस्टकार्डाचे आपण पाहिलेच. आणि मीठ! मणामागे सव्वा रुपया असलेला कर एक रुपया नऊ आणे झाला. दांडीच्या यात्रेस दीड वर्षही झाले नव्हते. त्याच मार्चात गांधी-आयर्विन करार होऊन किनाऱ्यावरील गोरगरिबांना घरापुरते मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली होती. आणि सहा महिन्यांत त्याच मिठावर पाच आणे चढले.

असेंब्लीने नोव्हेंबरात ते विधेयक फेटाळले. व्हाइसरॉयनी आपल्या विशेष अधिकारात ते प्रमाणित केले आणि कायदा अमलात आला. तेथे बसलेल्या सभासदांना निदान फेटाळण्याचे तरी समाधान होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील संस्थानी प्रजेला तेही नव्हते. बंदरावर भरलेली जकात कापडाच्या, रॉकेलच्या, साखरेच्या भावात मिसळून आपल्या वाडवडिलांकडूनही वसूल होई. पण असेंब्लीत त्यांचा निवडून दिलेला माणूस एकही नव्हता.

खर्चाची छाटणीही झाली, आणि ती नावापुरती नव्हती. सरकारी नोकरांच्या पगारात १० टक्के कपात झाली. कौन्सिलाच्या सभासदांनी १५ आणि व्हाइसरॉयनी २० टक्के सोडले. वरिष्ठ सनदी नोकरांच्या पगारास हात लावण्यासाठी मात्र खास पार्लमेंटाचा कायदा करावा लागला. हजारो रेल्वे कामगार कामावरून उतरविले गेले. रेल्वेने सरकारला द्यावयाचा वाटा १९३१-३२ पासून बंद पडला. लष्कराचा खर्चही पुढील दोन सालांत ५५ कोटींवरून ४६ कोटींच्या आसपास आला, हे शुस्टर यांच्या पदरी घालावयास हवे. एरवी ज्या खात्यास कोणी बोट लावू शकत नसे, तेथे मंदीने ते करून दाखविले. पण छाटणीचा नियम असा की, ज्याला आवाज नाही ते आधी कापले जाते. पुराणवस्तुखात्याचा उत्खननाचा पैसा आटला, आणि मोहेंजोदडोचे मोठ्या प्रमाणावर चाललेले खोदकाम थांबले. हजारो वर्षे वाट पाहिलेल्या शहरास आणखी वाट पाहणे जड नव्हते, असे कोणी म्हणेल. पण त्या कामावर तयार झालेली माणसे पांगली ती पांगलीच.

येथपर्यंत सारे कोणत्याही काटकसरी गृहस्थाने करावे तसेच झाले: मिळकत घटली, खर्च घटविला, जेथून मिळेल तेथून गोळा केले. घराच्या बाबतीत हे तंत्र योग्य आहे. परंतु घर जेव्हा खर्च कमी करते, तेव्हा त्याची मिळकत त्यामुळे कमी होत नाही. सरकारचे तसे नाही. ज्या कारकुनाचा पगार कापला तो कापड कमी घेतो, कापड कमी आले की जकात कमी येते. जकातीचा दर चढविला की माल आणखी कमी येतो. साखरेचेच पाहावे. १९३२ च्या कायद्याने साखरधंद्यास संरक्षण मिळाले, परदेशी साखरेवर भारी जकात बसली. धंद्याचे कल्याण झाले. देशात तीसेक कारखाने होते ते चार-पाच वर्षांत शंभराच्या पुढे गेले. आपल्याकडील रावळगाव, वालचंदनगर, माळीनगर ही नावे त्याच दशकातली. मात्र जावाची साखर येईनाशी झाली तशी तिच्यावरील कोट्यवधींची जकातही येईनाशी झाली, आणि १९३४ मध्ये शुस्टर यांना देशी कारखान्यांच्या साखरेवर अबकारी कर बसवावा लागला. काड्यापेट्यांवरही त्याच साली बसला.

मग एवढ्या कोंडीतून पत सावरली कशी? तिजोरीची तोंडमिळवणी १९३२-३३ मध्ये झाली खरी. १९३१ मध्ये जे सरकार साडेसहा टक्के व्याजाने कर्ज काढीत होते, त्यास पुढे तीन-साडेतीन टक्क्यांनी पैसा मिळू लागला. लंडनमध्ये याची वाहवा झाली. पण करवाढ आणि पगारकपात यांतून रुपये मिळतात. विलायतेस पाठवावयाचे होते पौंड. ते निर्यातीच्या शिलकेतूनच येणार. आणि १९३२-३३ मध्ये मालाच्या व्यापारातील ती शिलक तीन-साडेतीन कोटी रुपयांवर आली होती. देणे चाळीस कोटींचे!

ती फट सोन्याने बुजविली. कायद्यातील सोन्याचा भाव तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै होता. पौंड घसरला, त्याच्या पाठोपाठ त्याला बांधलेला रुपया घसरला, आणि सोने बघता बघता तीस रुपयांच्या घरात गेले. खेड्यापाड्यांतून, तालुक्याच्या पेठांतून सोने निघू लागले. सराफाच्या पेढीवरून ते मुंबईच्या झवेरी बाजारात, तेथून आटून विटांच्या रूपाने विलायतेच्या बोटीत. १९३१-३२ च्या उत्तरार्धात मुख्यतः, सुमारे ५८ कोटींचे सोने गेले. १९३२-३३ मध्ये ६५ कोटींचे. आणि हा ओघ पुढेही वर्षानुवर्षे चालू राहून एकूण रक्कम तीनशे कोटींच्या वर गेली. हिंदी व्यापारी संस्थांनी मागणी केली की, ही निर्यात थांबवा, निदान तीवर कर बसवा, किंवा सरकारने स्वतः हे सोने विकत घेऊन पुढे होणाऱ्या रिझर्व्ह बँकेसाठी ठेवावे. शुस्टर यांनी ते मानले नाही. लोक आपखुशीने नफ्याने विकत आहेत, भाव चढला की विकावे हे शहाणपणच आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता.

त्यात तथ्य अजिबात नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्याजवळ पैसा होता आणि ज्याने वीस रुपयांचे सोने तीसला विकले, त्याचा फायदाच झाला. पण कापूस निम्म्या भावाने गेलेला, साऱ्याचा हप्ता तोंडावर आलेला, सावकाराने नवे कर्ज नाकारलेले अशा घरातून जेव्हा पाटल्या, गोठ, पुतळ्यांची माळ, बुगड्या निघतात, तेव्हा त्यास आपखुशी म्हणणे कठीण आहे. आपल्या समाजात सोने म्हणजे शौक नव्हता. बँक नसलेल्या गावी ती स्त्रीची एकुलती एक पुंजी होती. वैधव्य, आजारपण, मुलीचे लग्न, दुष्काळ यांसाठी अंगावर बाळगलेली. जुन्या घरांतून अजूनही ऐकू येते की, “आजीच्या पाटल्या मंदीत गेल्या.” तेवढेच सांगितले जाते. त्या पाटल्यांनी घरचा सारा भागविला हे ठाऊक असते. आटलेल्या त्याच सोन्याने विलायतेतील पेन्शनरांचे व रोखेधारकांचे पौंडही भागविले, हे त्या आजीस कोणी सांगितले नव्हते. शिलकेच्या अंदाजपत्रकात पाटल्यांचे खाते नसते.

शुस्टर १९३४ मध्ये परत गेले. पुढे १०१ वर्षांचे दीर्घायुष्य त्यांना लाभले. त्यांच्या जागी सर जेम्स ग्रिग आले. बसविलेले भार उतरविण्याचा क्रम मोठा बोलका आहे. पगारातील कपात एप्रिल १९३३ मध्ये निम्मी, म्हणजे पाच टक्के झाली आणि एप्रिल १९३५ मध्ये पूर्ण उठली. प्राप्तिकराची माफी १९३६ मध्ये पुन्हा २,००० रुपयांवर गेली. मिठावरील पाच आणे मात्र तसेच राहिले. मंदी सरली, प्रांतिक स्वराज्य आले, महायुद्ध सुरू होऊन संपले. १९४७ च्या फेब्रुवारीत हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी आपले अंदाजपत्रक मांडताना मिठावरील कर काढून टाकला. तोवर मणामागे एक रुपया नऊ आणेच द्यावे लागत होते.